एका घरातले दोन ग्रंथ : कायद्याच्या विद्वत्तेचे संदर्भोल्लेख कशावर ठरतात?

एनआयआरएफची, म्हणजे राष्ट्रीय संस्थात्मक मानांकनाची, यादी जाहीर झाली की विज्ञानवार्तांच्या पानांवर दोन-तीन दिवस आकड्यांची गर्दी होते. कोणती संस्था कितव्या स्थानी, कोणाचे शोधनिबंध किती, त्यांचे संदर्भोल्लेख (आपल्या रोजच्या बोलीत सायटेशन) किती. २०१८ पासून या मानांकनात विधी महाविद्यालये आणि विधी विद्यापीठेही आहेत. त्यांच्या संशोधनाचे मोजमापही स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या दोन आंतरराष्ट्रीय सूचींमधील निबंधसंख्या आणि उल्लेखसंख्या पाहूनच केले जाते. भौतिकशास्त्रात काम करणाऱ्या मला हे आकडे परिचयाचे आहेत. आमच्या क्षेत्रात ते ढोबळ असले तरी प्रत्यक्ष संशोधनव्यवहाराशी त्यांचा काही संबंध असतो. कायद्याच्या बाबतीत हा संबंध कितपत उरतो, याची मला दाट शंका आहे. ती मांडण्यासाठी आपल्याच माणसांच्या इतिहासातील एक उदाहरण घेतो, कारण त्यात उल्लेख होणे किंवा न होणे यावर घरदार, जमीनजुमला आणि स्त्रियांचे हक्क अवलंबून होते.

त्याआधी एक गमतीची गोष्ट. संदर्भोल्लेख मोजण्याची कल्पना विज्ञानाने कायद्याकडूनच उसनी घेतली आहे. १८७३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड या गृहस्थाने वकिलांसाठी एक सोय केली. जुन्या निकालाच्या पानावर चिकटवता येतील अशा चिठ्ठ्या तो विकू लागला. त्या निकालाचा दाखला पुढे कोणकोणत्या खटल्यांत दिला गेला, हे त्या चिठ्ठीवर छापलेले असे. चिठ्ठ्यांची पुढे पुस्तके झाली आणि ‘शेपर्ड पाहणे’ हा अमेरिकन वकिलीचा नित्यक्रम बनला. विसाव्या शतकाच्या मध्याला यूजीन गारफील्ड यांनी हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवून विज्ञानासाठी सूची कल्पिली. त्यांचा मूळ प्रस्ताव १९५५ चा, आणि ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात अवतरला तो १९६४ मध्ये. आजची वेब ऑफ सायन्स ही त्याच वंशातली. मात्र या हस्तांतरात एक गोष्ट मागे राहिली. शेपर्डच्या सूचीत प्रत्येक उल्लेखाजवळ एक खूण असे : हा निकाल पुढे मान्य झाला, की वेगळा ठरवला गेला, की रद्द झाला? वकिलाला उल्लेखांच्या संख्येपेक्षा ही खूण महत्त्वाची वाटे. विज्ञानाने संख्या घेतली आणि खूण सोडून दिली. आता तीच खूण नसलेली संख्या फिरून कायद्याच्या महाविद्यालयांना लावली जात आहे.

उल्लेख कसे वाढतात, याबद्दल भौतिकशास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. डेरेक डी सोला प्राइस हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञच. १९७६ मध्ये त्यांनी गणिताने दाखवले, की ज्या निबंधाला आधीच उल्लेख मिळाले आहेत त्यालाच पुढचा उल्लेख मिळण्याची शक्यता अधिक असते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी त्याआधी, १९६८ मध्ये, याच प्रवृत्तीला ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले होते. १९९९ मध्ये बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी जाळ्यांच्या वाढीचा जो प्रसिद्ध नमुना मांडला, त्याच्या गाभ्याशी हेच तत्त्व आहे. हे सारे मला पटते. पण हे नमुने श्रीमंत अधिक श्रीमंत कसा होतो एवढेच सांगतात. पहिला पैसा कोणाच्या खिशात आणि कसा पडला, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. त्या पहिल्या पैशाची गोष्ट काशीत सापडते.

काशीतल्या पंचगंगा घाटालगत ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट आहेत. दुर्गाघाट १७४० च्या सुमारास पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी बांधवला. ब्रह्मचारिणी दुर्गेचे देऊळ तेथेच आहे आणि घाटावरून वर चढणाऱ्या गल्ल्यांत मराठी घराण्यांची जुनी वस्ती आहे. परंतु काशीतील मराठी पांडित्य या घाटाच्या दगडांहूनही जुने आहे. सोळाव्या शतकात पैठणहून रामेश्वरभट्ट काशीला आले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, जन्म १५१३, हे ‘त्रिस्थलीसेतु’चे कर्ते आणि त्या काळच्या काशीतील पंडितांचे अग्रणी. नारायणभट्टांचे दोन पुत्र रामकृष्ण आणि शंकर. रामकृष्णांचे पुत्र दिनकर आणि कमलाकर, तर शंकरांचे पुत्र नीलकंठ. दिनकरभट्टांचे पुत्र विश्वेश्वर म्हणजेच गागाभट्ट, ज्यांना शिवराज्याभिषेकामुळे आपण सगळे ओळखतो. म्हणजे कमलाकर हे गागाभट्टांचे सख्खे काका आणि नीलकंठ हे चुलत काका.

कमलाकर आणि नीलकंठ हे दोघे चुलत भाऊ धर्मशास्त्राचे धुरंधर निबंधकार. कमलाकरांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ चा. व्रत, श्राद्ध, तिथी यांच्या निर्णयासाठी तो आजही पुरोहितांच्या हाताशी असतो. नीलकंठांनी यमुना-चंबळच्या संगमाजवळील भरेहचा सेंगर राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने ‘भगवंतभास्कर’ नावाचा बारा मयूखांचा, म्हणजे बारा किरणांचा, ग्रंथ रचला. त्यातील एक ‘व्यवहारमयूख’. व्यवहार म्हणजे खटले, वारसा, कर्ज, दत्तक, म्हणजेच आजच्या भाषेत दिवाणी कायदा. याच विषयावर कमलाकरांचाही स्वतंत्र ग्रंथ आहे, ‘विवादतांडव’. घर एक, नगर एक, पिढी एक, भाषा एक, विषय एक. प्रयोगशाळेबाहेर इतकी जुळणारी जोडी क्वचितच मिळते. तरीही एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील निकाल उघडले तर ‘मयूख’ पानोपानी भेटतो आणि ‘विवादतांडव’ क्वचित. विद्वत्तेतील फरकाने याचे स्पष्टीकरण मिळत नाही. कमलाकर हे काही दुय्यम पंडित नव्हते.

स्पष्टीकरण शोधायचे तर इंग्रजांच्या न्यायव्यवस्थेत शिरावे लागते. वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेनुसार हिंदूंचे वारसा-विवाहादी खटले ‘शास्त्रा’प्रमाणे चालवायचे ठरले. इंग्रज न्यायाधीशाला संस्कृत येत नसे, म्हणून त्याच्याजवळ पंडित नेमले गेले. असे पंडित तयार व्हावेत हा १७९१ मध्ये जोनाथन डंकन यांनी काशीत काढलेल्या संस्कृत पाठशाळेचा एक उघड हेतू होता. पण पंडितांवर न्यायाधीशांचा विश्वास बसेना. त्यांना आपल्या डोळ्यांनी वाचता येईल असे पुस्तक हवे होते. १८१० मध्ये हेन्री कोलब्रुक यांनी ‘मिताक्षरा’ आणि ‘दायभाग’ यांतील वारसाविषयक भाग इंग्रजीत आणला. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. कल्याणीच्या विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ हा केवढा तरी विस्तीर्ण ग्रंथ! पण न्यायालयाच्या दृष्टीने बराच काळ त्याचा अर्थ कोलब्रुकने भाषांतरित केलेली ती प्रकरणे, एवढाच राहिला. १८२१ मध्ये सदरलँड यांनी दत्तकाविषयीचे दोन ग्रंथ भाषांतरित केले. आणि १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचे मुलकी अधिकारी हॅरी बोराडेल यांनी ‘व्यवहारमयूखा’चे इंग्रजी भाषांतर सुरतेत छापून प्रसिद्ध केले. ‘विवादतांडवा’च्या वाट्याला त्या तोडीचे भाषांतर आले नाही.

पुढे १८६४ मध्ये न्यायालयांतील पंडितांची पदेच रद्द झाली. ज्या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर झालेले नव्हते, त्यांच्या वतीने न्यायाधीशाच्या कानात बोलणारा अखेरचा माणूसही त्या दिवशी निघून गेला. चारच वर्षांनी, १८६८ मध्ये, रामनाडच्या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की एखादे मत मूळ स्मृतींतून नीट निघते की नाही हे न्यायाधीशाने शोधत बसू नये. त्या प्रांतातील शाखेने ते मत स्वीकारले आहे काय आणि रूढीने त्याला बळ दिले आहे काय, एवढे पाहावे. तत्त्व शहाणपणाचे आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की जो ग्रंथ आधीच्या निकालांत आला तोच ‘शाखेने स्वीकारलेला’ ग्रंथ ठरू लागला. प्राइस यांचे समीकरण येथे कायद्याच्या रूपात उभे आहे : उल्लेखामुळे प्रामाण्य आणि प्रामाण्यामुळे पुन्हा उल्लेख.

कार्यकारणाची दिशा मात्र मी वाटते तितकी सरळ धरत नाही. बोराडेलने नेमका ‘मयूख’च का निवडला? पश्चिमेकडील शास्त्र्यांच्या हाती तो ग्रंथ आधीपासून होता, आणि तो आटोपशीरही आहे. म्हणजे भाषांतराने ‘मयूखा’ची प्रतिष्ठा शून्यातून निर्माण केली नाही. भाषांतराने जे केले ते वेगळे होते. शास्त्र्यांच्या तोंडी असलेल्या अनेक ग्रंथांपैकी एकाला त्याने छापील आणि इंग्रजी रूप दिले, आणि स्पर्धेतले बाकीचे ग्रंथ आपोआप अदृश्य झाले. पुढे न्यायालयांनी नकाशाच आखला. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे ‘मयूख’ श्रेष्ठ. उरलेल्या महाराष्ट्रात आधी ‘मिताक्षरा’, मग ‘मयूख’. उत्तर कोकण कोठे संपते यावरही खटले लढले गेले. सतराव्या शतकात काशीत संस्कृतात लिहिणाऱ्या पंडिताच्या ग्रंथाची हद्द एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या न्यायालयात ठरावी, हे त्या पंडिताला कळते तर त्याने काय म्हटले असते कोण जाणे.

आता यात पणाला काय लागले होते ते पाहू. निपुत्रिक माणूस वारला, मागे पत्नी, मुलगी, आईवडील, भाऊ कोणी नाही. बहीण मात्र आहे. तिला वारसा मिळतो का? याज्ञवल्क्यस्मृतीतील वारसांच्या क्रमात बहिणीचे नाव नाही. भाऊ आणि पुतणे झाल्यावर ‘गोत्रज’ येतात. नीलकंठांचा युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली. विवाहाने तिचे गोत्र बदलले तरी जन्म बदलत नाही. म्हणून तीही गोत्रज. आजीच्या मागोमाग त्यांनी तिला स्थान दिले. १८६० च्या दशकात मुंबईच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने बहिणींचा हा हक्क मान्य केला आणि मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या पदरात तो कायमचा पडला. बनारस शाखेच्या मुलखात, म्हणजे ज्या गावी हा युक्तिवाद लिहिला गेला त्या काशीतच, बहिणीला हा वारसा नव्हता. तिला तो मिळाला १९२९ च्या दुसऱ्या अधिनियमाने, आणि तोही आजोबांनंतरच्या क्रमाने. सुरत आणि मुंबईच्या बहिणीपेक्षा काशीच्या बहिणीने दोन पिढ्यांहून अधिक काळ वाट पाहिली.

याच काशीत अठराव्या शतकात ‘मिताक्षरे’वर ‘बाळंभट्टी’ नावाची टीका लिहिली गेली. तिचा संबंध वैद्यनाथ पायगुंडे यांच्या मराठी घराण्याशी आहे आणि ती लक्ष्मीदेवी या स्त्रीच्या नावाने प्रसिद्ध आहे. स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांकडे तिचा कल स्पष्ट आहे. ‘भ्रातरः’ या शब्दात बहिणीही येतात, असा अर्थ ती लावते. कोलब्रुकला हा ग्रंथ ठाऊक होता; त्याच्या तळटिपांत तो वारंवार येतो. म्हणजे उल्लेखांच्या मोजणीत ‘बाळंभट्टी’ अनुत्तीर्ण होणार नाही. परंतु बहिणीसंबंधीचा तिचा अर्थ बनारस शाखेच्या न्यायालयांनी स्वीकारला नाही. तळटिपेतला उल्लेख वेगळा आणि निकाल फिरवणारा उल्लेख वेगळा. शेपर्डची ती लहानशी खूण येथे हवी होती.

दुसऱ्या बाजूचे उदाहरणही काशीशी निगडित आहे. सदरलँडने भाषांतरित केलेल्या दोन दत्तकग्रंथांपैकी ‘दत्तकमीमांसा’ ही काशीच्या धर्माधिकारी घराण्यातील नंदपंडितांची. ‘दत्तकचंद्रिका’ मात्र कुबेर या नावावर असली तरी कोलब्रुकच्याच काळातील रघुमणी या बंगाली पंडिताने ती रचून जुन्या ग्रंथकाराच्या नावावर खपवली, असा संशय अभ्यासकांनी घेतला आहे. तिच्या शेवटच्या श्लोकात त्याचे नाव अक्षरांतून गुंफले आहे, असेही सांगितले जाते. हा संशय व्यक्त झाल्यानंतरही दत्तकाच्या खटल्यांत तिचे दाखले दिले जातच राहिले. एकदा उल्लेखांच्या साखळीत शिरलेली वस्तू बाहेर काढणे किती कठीण असते, हे मागे घेतलेल्या शोधनिबंधांचे पुढेही होत राहणारे उल्लेख पाहणाऱ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

या साऱ्या व्यवहाराची नाडी ज्यांनी ओळखली ते दोघेही वकील होते आणि दोघेही कोकणातले. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० मध्ये ‘व्यवहारमयूखा’ची मूळ संहिता आणि नवे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. दत्तकग्रंथांना न्यायालयांनी दिलेल्या अवास्तव प्रामाण्यावरही त्यांनी टीका केली. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ मध्ये ‘मयूखा’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि १९३३ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले. पुढे १९३० ते १९६२ या काळात त्यांचा पाच खंडांचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ पुण्याच्या भांडारकर संस्थेने इंग्रजीत काढला. सर्वोच्च न्यायालयाच्या कित्येक निकालांत काणे यांचा आधार घेतलेला आढळतो. याच काळात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ‘धर्मकोश’ उभारत होते. त्याच्या व्यवहारकांडाचे प्रकाशन १९३७ मध्ये सुरू झाले. वचनांचा संग्रह म्हणून त्या कामाला तोड नाही. पण ते संस्कृतात आहे, आणि न्यायालयांत त्याचे नाव काणे यांच्या तुलनेने फारच कमी ऐकू येते. काणे यांची थोरवी यामुळे तसूभरही कमी होत नाही. कोणाच्या टेबलावर आपले पुस्तक उघडले जाणार आहे, हे त्यांना वकिलीतून पक्के ठाऊक होते, एवढेच मला म्हणायचे आहे.

हे सगळे जुने झाले, आज असे नाही, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत फ्रेड शॅपिरो यांनी सर्वाधिक उल्लेख झालेल्या कायदाविषयक लेखांच्या याद्या वेळोवेळी केल्या आहेत. २०१२ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर रोनाल्ड कोस यांचा १९६० चा लेख आहे. कोस अर्थशास्त्रज्ञ होते. दुसऱ्या क्रमांकावर वॉरन आणि ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरील १८९० चा लेख आहे. शेजारच्या ज्ञानशाखेतून येणारे वाचक, जुन्या विद्यापीठाच्या नियतकालिकाचे छत्र आणि नव्या हक्काला मिळालेले नेमके नाव, हे सारे त्या संख्येत मिसळलेले आहे. तोच १८९० चा लेख २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाचा निकाल देताना विचारात घेतला. कूळकायदा, वतने, देवस्थान इनामे यांवर मराठीत लिहिलेल्या पुस्तकांची भेट मात्र तालुक्याच्या न्यायालयात होते. ती वाचून दावे लिहिले जातात आणि जमिनी वाचतात किंवा जातात. स्कोपसला त्यांचा पत्ता नाही, म्हणून एनआयआरएफलाही नाही.

आज एक विचित्र अवस्था आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल यंत्राच्या साहाय्याने मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले जात आहेत. २०२३ पासून ते अहवाल सर्वांना विनामूल्य खुले झाले आणि प्रत्येक निकालाला समान उल्लेखक्रमांकही मिळू लागला. ही फार चांगली गोष्ट आहे. पण ही वाहतूक एकाच दिशेने आहे. निकाल मराठीत येतो. मराठीत त्यावर झालेली चिकित्सा परत जात नाही. आणि ज्या तरुण प्राध्यापकाच्या पदोन्नतीत व संस्थेच्या मानांकनात केवळ परदेशी सूचीतील निबंध धरले जातात, तो मराठीत भाष्य लिहीलच कशाला?

म्हणून माझे मत असे, की एनआयआरएफने विधी शाखेसाठी दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्यात. पहिली, न्यायालयांचे निकाल आणि विधी आयोगाचे अहवाल यांत झालेले विद्वत्तेचे उल्लेख, आणि तेही शेपर्डसारख्या खुणेसह : आधार म्हणून, विरोधासाठी, की केवळ शोभेला. दुसरी, भारतीय भाषांतील टीकाग्रंथ. हे अवघड आहे, असे सांगितले जाईल. निकाल खुले आणि क्रमांकित असताना ते पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. तेव्हा हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवतो. एका उच्च न्यायालयाचे एका दशकाचे निकाल घ्या. त्यांतून कोणकोणत्या ग्रंथकारांची नावे येतात ते काढा. नावांची रोमन रूपे फार फसवी असतात. ‘मयूख’ हा एकच शब्द जुन्या इंग्रजीत अनेक तऱ्हांनी लिहिलेला सापडेल, तेव्हा आधी त्यांची सारणी करून घ्या. मग प्रत्येक उल्लेखाशेजारी तो ग्रंथ कोणत्या भाषेत होता, कोठे छापला गेला आणि न्यायाधीशाने त्याचे मत स्वीकारले की नाही, हे तीन रकाने भरा. मुंबई उच्च न्यायालयापासून सुरुवात करणार असाल तर १९५६ चा हिंदू वारसा अधिनियम ही मधली रेघ धरा. तिच्या अलीकडे आणि पलीकडे नीलकंठांचे उल्लेख किती, हे मला स्वतःला पाहायचे आहे.